वळिवड्याची बाई

लेश्येक ओब्रोव्स्की मुलीच्या मागोमाग ऑकलंडला राहायला आले तेव्हा साठीला टेकले होते. पोलंडमध्ये संगीतकार म्हणून त्यांचं नाव मोठं. तिशीत लिहिलेल्या एका रचनेनं त्यांना सगळं दिलं होतं: पुरस्कार, प्राध्यापकी, युरोपभरचे कार्यक्रम. रचनेचं नाव ‘आईचं गाव’. हे गाव पूर्वेकडचं, युद्धात पुसलं गेलेलं. आई गुणगुणायची ती अंगाई त्या रचनेचा गाभा होती. तिचे शब्द कुणालाच कळत नसत. गावाबरोबर मेलेल्या बोलीतले ते असावेत, असं लेश्येक मुलाखतींत सांगत आले होते आणि अभ्यासकांनी ते पुस्तकांत उतरवलं होतं. शेवटी गाण्याचा सूर मध्येच तुटतो आणि सगळा ऑर्केस्ट्रा गप्प होतो. त्या तुटण्याला लोक निर्वासितांची जखम म्हणत.

ऑकलंडच्या माउंट रॉस्किल भागातल्या एका चर्चच्या हॉलमध्ये हौशी कोरस ही रचना बसवत होता. तालीम स्वतः लेश्येक घेत. कोरसमध्ये सुलभा होती. मूळची कोल्हापूरची, शिकायला आली आणि इथलीच झाली, आता माउंट वेलिंग्टनच्या एका फर्ममध्ये पुलांची डिझाइनं करायची. पहिले काही आठवडे नुसते कोरसचे भाग झाले. मग एका शनिवारी मुख्य गायिका आली आणि अंगाई गायली. ‘निज्ग पाख्रा’ हे शब्द कानावर पडले तेव्हा सुलभाला तो भास वाटला. दुसरी ओळ ती मनातल्या मनात बरोबरीनं म्हणत होती.

चहाच्या सुट्टीत ती लेश्येककडे गेली.

“हे मराठी आहे,” ती म्हणाली. “माझी आई म्हणायची मला.”

ते सभ्यपणे हसले. “असं होतं. अंगाया सगळीकडे सारख्याच वाटतात.”

“नुसती चाल नाही, शब्दसुद्धा.” आणि तिनं हळूच म्हणून दाखवलं,

“नीज गं पाखरा, दूध ठेवलं चुलीला,
आई गेली रानाला, येईल दिवेलागणीला.”

लेश्येकनी कप खाली ठेवला.

“माझी आई कधी भारतात गेली नव्हती,” ते म्हणाले. “पुढच्या शनिवारी तुम्ही आला नाहीत तरी चालेल.”

घरी आल्यावर तिनं नवऱ्याला, श्रीनाथला, सगळं सांगितलं.

“जाऊ दे ना,” तो म्हणाला. “म्हाताऱ्या माणसाचं आयुष्य आहे ते. तुझं काय अडलंय?”

“कोल्हापूरजवळ वळिवडे आहे, श्री. युद्धात तिथं पोलिश लोकांची छावणी होती. हजारो माणसं, बायका-पोरंच जास्त. आमच्याकडे सगळ्यांना माहितीये. त्यांना कसं माहीत नाही?”

मंगळवारी संध्याकाळी बेल वाजली. त्यांच्या मुलीनं, सिद्धीनं, दार उघडलं आणि आत हाक मारली, “मम, देअर्ज समवन फॉर यू.” दारात लेश्येक उभे होते. तीन दिवसांत दहा वर्षांनी म्हातारे झाल्यासारखे दिसत होते.

कोट न काढताच ते बसले. पोलंडमध्ये त्यांची नव्वदी पार केलेली मावशी होती. त्यांनी तिला फोन करून सरळ विचारलं होतं. मावशी म्हणाली, आता लपवून काय करायचंय. रशियनांनी गावातून सैबेरियात नेलेल्या दोघी बहिणी तिथून सुटून आईसोबत इराणला पोचल्या, तिथं आई वारली. मग भारत. लेश्येकची आई तेव्हा पाच वर्षांची, रात्ररात्र रडायची. छावणीच्या दवाखान्यात झाडलोट करणारी एक बाई तिला मांडीवर घेऊन निजवायची. पोलंडला परत गेल्यावर तिथं रशियाच्या कह्यातलं सरकार होतं, सैबेरियाचं नाव काढणंसुद्धा धोक्याचं होतं, म्हणून बहिणींनी सगळाच प्रवास गिळून टाकला.

“त्या बाईचं नाव मावशीला आठवलं,” लेश्येक म्हणाले. “बाई.”

सांगावं की नाही, सुलभाला कळेना. “ते नाव नाही,” ती शेवटी म्हणाली. “तिथं कुठल्याही बाईला बाईच म्हणतात.”

त्यांनी शब्दांचा अर्थ विचारला. तिनं सांगितला. मग ते म्हणाले, “पूर्ण म्हणा.”

तिनं पूर्ण म्हटली. त्यांच्या रचनेत सूर जिथं तुटतो तिथून पुढे अंगाईला आणखी दोन ओळी होत्या. चाल वळून जिथून निघाली तिथंच येऊन थांबत होती.

“हे आईनं कधीच म्हटलं नाही,” ते म्हणाले.

“लहान होत्या,” सुलभा म्हणाली. “तिथवर येईपर्यंत झोप लागत असेल.”

लेश्येक तिच्याकडे बघत राहिले. “त्या तुटण्यावर लोकांनी प्रबंध लिहिलेत,” ते म्हणाले.

कार्यक्रमाच्या आधी हे जाहीर करायचं त्यांनी ठरवलं. प्रकाशकानं फोनवर विनवलं, आत्ता नको. इथल्या पोलिश मंडळातली एक वयस्क बाई त्यांना म्हणाली, “गाव तर गेलंच होतं. गाणं उरलं होतं, तेही तुम्ही नेलंत.” तरी कार्यक्रमाच्या दिवशी ते रंगमंचावर आले, वळिवड्याचं नाव घेतलं, नाव माहीत नसलेल्या त्या बाईचे आभार मानले. चारसहा माणसं उठून गेली. सुलभा कोरसमध्ये परत उभी होती. शेवट त्यांनी बदलला नाही. सूर तुटला, आणि टाळ्या सुरू व्हायला फार वेळ लागला.

त्यानंतर त्यांनी हातात घेतलेलं नव्या रचनेचं काम परत केलं. हिवाळ्यात सुलभाला ते ऑकलंडबाहेरच्या पुकेकोहे गावात, भाजीच्या दुकानात दिसले. बारीक झाले होते.

“लिहिताय का काही?” तिनं विचारलं.

“बसतो. पेन्सिल उचलली की वाटतं, हे तरी माझं आहे का.”

दोघं बटाट्यांच्या ढिगाशी उभी राहिली. दुकानदार बाहेर क्रेट उतरवत होता.

“त्या बाईंना स्वतःची मुलं असतील का?” लेश्येकनी विचारलं.

“असतील.”

“रात्री त्या छावणीत असायच्या. मग त्यांच्या मुलांना कोण निजवायचं?”

सुलभा त्यांच्याबरोबर गाडीपर्यंत चालत गेली.