बावीसची की अठराची

"काका, तुमची ती परात बदला," आमचा कीबोर्डवाला म्हणाला. "जेवणारी माणसं वेटरला हाका मारून दमतात."

परात म्हणे! राइड आहे ती. ड्रमसेटच्या उजव्या हाताला असते ती मोठी झांज, जिच्यावर गाणंभर ठेका चालू असतो. माझी बावीस इंची. पण आम्ही रोज वाजवतो त्या हॉटेलच्या मालकाने हॉल निम्मा करून टाकलाय, त्यामुळे कीबोर्डवाल्याचं चूक म्हणता येईना. ऐकलं नाही तर तो माझ्या जागी ठेक्याचं मशीन आणून बसवणार, हेही त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मशीनला चहा लागत नाही, पाठ दुखत नाही. आणि या वयात मला दुसरीकडे कोण विचारतंय?

म्हणून बावीसची काखोटीला मारली आणि वाद्यांच्या दुकानात गेलो. ही बदल्यात द्यायची, अठराची घ्यायची. काम साधं, पण पाय निघता निघत नव्हता. कारण ती पसंत केली होती आमच्या हिने, आणि ही जाऊन आता वर्ष होत आलं.

त्या पसंतीची गंमत सांगतो. लग्नाला दोनेक वर्षं झाली असतील. याच दुकानात मी एकेक झांज वाजवत होतो, आणि ही कुठे? मागच्या गोदामात, तेही दार लावून! "अहो, वाजवा आता," असा आतून हुकूम. दुकानदार हसून बेजार. मी म्हटलं, "अगं, समोर बसून ऐक की!" ऐकेल तर शपथ. शेवटी बाहेर आली आणि म्हणाली, "ही मोठीच घ्या." मला वाटलं, दिसायला भारदस्त म्हणून आवडली असेल.

आज त्याच दुकानदाराने तीन-चार छोट्या राइड मांडल्या. जवळून सगळ्याच गोड लागतात. वाजवणाऱ्याला स्वतःची झांज खरी कधी ऐकूच येत नाही, त्यासाठी लांब कुणीतरी उभं लागतं. एक वाजवून मी सवयीने मागे वळलो आणि विचारलं, "कशी वाटते गं?" मागे नुसत्या गिटारी टांगलेल्या. दुकानदाराने मान खाली घातली. मला माझाच असा राग आला!

"धरा, तुम्ही वाजवा," मी त्याच्या हातात स्टिका कोंबल्या. "मी ऐकतो."

"कुठून?"

"ही उभी राहायची तिथून."

गोदामात खोकी, धूळ आणि एक घरघरणारा पंखा. मी दार लावून घेतलं. पंख्याशिवाय काहीच ऐकू येईना. "वाजवताय की झोपलात?" मी ओरडलो. "अहो, दोन वाजवून झाल्या!" तो बाहेरून ओरडला. मग अचानक दारातून ठेका आला. ठोका न् ठोका स्वच्छ. ती माझी बावीसची होती.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही त्याच हॉटेलात भांडी घासायची. मी हॉलमध्ये वाजवायचो, आणि ही स्वयंपाकघराच्या बंद दाराआड नळाशी उभी. हॉलमध्ये बसून एक गाणं म्हणून तिने ऐकलं नाही. तरी घरी जाताना म्हणायची, "दुसऱ्या गाण्यात आज घाई केलीत हं." मी म्हणायचो, "भांड्यांच्या आवाजात तुला काय कळतंय, डोंबल!" तिला सगळं कळत होतं. आपला नवरा दाराआड ऐकू यावा, एवढ्यासाठी तिने ती झांज निवडली होती. मी खोक्यावर बसलो आणि लाज सोडून रडलो.

दुकानदाराने हळूच दार उघडलं. "मग? काय करायचं?"

"अठराची द्या," मी म्हणालो. "दारापलीकडे आता कोणी नाही. पण जुनी मिळायची नाही, सांगून ठेवतो. तिचे जे पैसे वजा होणार होते, ते वेगळे घ्या."

त्या संध्याकाळी नवी वाजवली. लोकांच्या गप्पा, चमचे, वेटरला मारलेल्या हाका, सगळं नीट ऐकू येत होतं. "आता कसं, काका!" कीबोर्डवाला खूश झाला. मी स्वयंपाकघराच्या दाराकडे बघायचं टाळलं.

मग घरी निघालो, चालत, नेहमीच्याच रस्त्याने. दुसऱ्या गाण्यात मी चांगलीच घाई केली होती. घर येईपर्यंत कोणी काही बोललं नाही.