हरणाबाईची पाडलेली मोरी

मित्रांनो, मी एक थर्मल कॅमेरा आहे. आता जुना झालो. काच ओरखडली आहे, बॅटरी लवकर दम टाकते. भिंतीतलं पाणी मला दिसत नाही, मला कळतो तो गारवा. उन्हानं तापलेल्या भिंतीत जिथे ओल असते, तो भाग माझ्या पडद्यावर निळा उमटतो. इतकं साधं काम. तरी माणसं माझ्याशीच वाद घालतात! ओलीवर रंग फासून भिंत सुकली असं मानणाऱ्या या प्राण्याबद्दल मला फारसा आदर उरलेला नाही.

सांगलीच्या इंजिनिअर राजेश्वरीबाई मला घेऊन घरोघरी फिरतात. एकदा पलूसच्या धन्यकुमारनं आम्हाला बोलावलं. द्राक्षबागायतदार, दुमजली बंगला आणि बाहेरच्या भिंतीला पोपडे. शेजारच्या हरणाबाईच्या मोरीचं पाणी मुरतंय, असं म्हणत त्यानं गल्ली गोळा करून ती मोरी पाडायला लावली होती. एकटी म्हातारी तेव्हापासून रस्त्याकडेला भांडी घासायची. ओल मात्र वाढतच होती. आता त्याला तिचा नळही तोडायचा होता, आणि त्यासाठी माझी साक्ष हवी होती.

ऊन उतरल्यावर बाईंनी मला भिंतीसमोर धरलं. पाडलेल्या मोरीलगतचा भाग कोरडा ठणठणीत. निळा पट्टा वरून खाली आलेला, थेट धन्यकुमारच्या माडीवरच्या न्हाणीघरापासून.

"गळती तुमच्याच पाइपात आहे," बाई म्हणाल्या.

"तुमचं यंत्रच बिघडलंय!"

व्वा! आरसा आवडला नाही की आरसा खोटा.

त्याची बायको चंदनबाला पुढं झाली. "आवं, मग फोडून बघा की."

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई मला घेऊन पुन्हा आल्या, आणि गवंड्यानं मी दाखवलेल्या जागी गिलावा फोडला. पाइपाच्या जोडातून पाणी झिरपत होतं. धन्यकुमार गवंड्याला म्हणाला, "जा, म्हातारीची मोरी बांधून दे."

स्वतः जागचा हलला नाही. केवढा मोठा माणूस!

गवंडी लगेच माघारी आला. "ती म्हणती, ज्यानं पाडली त्येनं यावं."

"चला," चंदनबाला नवऱ्याला म्हणाली. आम्हीही मागोमाग गेलो.

हरणाबाई दारातच उभी होती. धन्यकुमार जमिनीकडं बघत पुटपुटला, "झालं ते झालं, मावशी."

"झालं न्हाई, बाबा. तुमी केलं."

पाटील-पंचांसमोर गरजणारा तो गडी घाम पुसत राहिला. शेवटी म्हणाला, "व्हय. म्याच केलं. चुकलं माजं."

तेव्हा कुठं तिनं गवंड्याला आत घेतलं.

मित्रांनो, घराची निगा राखा. ओल दिसली तर रंग फासू नका, आधी स्वतःचा पाइप तपासा. आणि शेजाऱ्याला चोर ठरवण्यासाठी साक्षीदार हवा असेल, तर मला बोलावू नका.