थांबलेल्या गाडीतला रेडिओ

"मी नाही उतरत," रंभा म्हणाली. तिनं पट्टासुद्धा सोडला नाही.

गाडी दवाखान्याच्या दारासमोर उभी होती आणि मागं दुसरी गाडी येऊन थांबली होती. इथं इंग्लंडात लोक हॉर्न वाजवत नाहीत. गुपचूप सोसत बसतात आणि त्यांचं ते सोसणं आपल्याला आरशात दिसत राहतं. त्यापेक्षा चार शिव्या हासडल्या तर माणसाला बरं वाटतं.

"चाल वं रंभा. मशीन वाट पाहून राहिली."

"पाहू दे तिले वाट. मले नाही जाचं. आज नाही, परवा नाही, कधीच नाही."

रंभाची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झालेली. मंगळवार, गुरुवार, शनिवार असं आठवड्यातून तीनदा तिला मशीनला जोडतात, चार तास रक्त धुऊन निघतं आणि मग बाई घरी येते. जाणं बंद केलं तर काय होतं हे मला डॉक्टरांनी एका छोट्या खोलीत बसवून सांगितलं होतं. फार तर दोन आठवडे. हे डॉक्टर मोठे सभ्य. म्हणाले, थांबवायचं की नाही हा तुमच्या मिसेसचा हक्क आहे. मी म्हटलं, हक्काचं आम्हाला शिकवू नका साहेब, आमच्या तीन पिढ्या हक्कासाठी भांडण्यात गेल्या. पण हा एक हक्क आम्हाला नको. आमचा मुलगा सम्यक माझ्या शेजारी बसला होता. त्यानं यातलं अर्धंच इंग्रजीत सांगितलं.

त्या मंगळवारी शेवटी नर्स मॉरीन बाहेर आली, "कम ऑन, माय डार्लिंग" म्हणत तिनं रंभाचा हात धरला, आणि परक्या माणसासमोर तमाशा नको म्हणून रंभा आत गेली. येताना मात्र तिनं गाडीत अट घातली.

"गाडीत रेडिओ लावून द्या. आपला, मराठी. मग जाईन मी."

"अगं, कॅसेटी आहेत की ढीगभर. भीमगीतं आहेत, कव्वाल्या आहेत."

"कॅसेटीतली बाई कवाचीच बोलून गेली असते. पुढं काय येते ते मले तोंडपाठ आहे. त्या मशीनवानीच. सुई कवा टोचते, पाय कवा आखडतात, मॉरीन कवा चहा आणते, सगळं ठाऊक. मले आत्ता बोलणारी बाई पायजे. पुढं काय बोलते ते मले ठाऊक नसलं पायजे."

साउथहॅम्प्टनच्या रस्त्यावर मराठी रेडिओ! तिलाही ठाऊक होतं की हे होणारं नाही, म्हणूनच तिनं ते मागितलं. माझं तोंड बंद करायची ती तिची रीत होती. चाळीस वर्षांचा संसार आहे, एवढं मला कळतं.

पण मी ड्रायव्हर माणूस. नागपूरला पाटबंधारे खात्यात जीप चालवली. नाव दादासाहेब, आणि मागच्या सीटवर साहेब. ड्रायव्हरला दादासाहेब म्हणून हाक मारायची म्हणजे साहेबांच्या जिभेला काटा टोचायचा, म्हणून सगळी नोकरी मला नुसतं 'ड्रायव्हर' म्हणत. म्हणा! पण 'रस्ता नाही, पुढं जाता येणार नाही' असं मी एकाही साहेबाला कधी सांगितलं नाही. मग बायकोला कसं सांगू? मी सम्यकला गाठलं.

सम्यक इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. त्याच्याजवळ प्रत्येक गोष्टीला उत्तर असतं.

"बाबा, सॅटेलाइट रेडिओ! इंडियात मिळतो. सिग्नल डायरेक्ट आकाशातून येतो, मराठी चॅनेल पण आहे. मी नेक्स्ट वीक पुण्याच्या ऑफिसला चाललोच आहे. घेऊन येतो. सॉर्टेड."

रंभानं ऐकलं. "पोरगं येईतोवर जाईन," ती म्हणाली. "त्याच्यापुढचं मी काही बोलत नाही."

सम्यक सेट घेऊन आला. लहानसा डबा, आणि वायरीच्या टोकाला डब्याच्या झाकणाएवढी एक चपटी पाटी. ही पाटी मोकळ्या आभाळाकडे करायची, तीही नेमकी आग्नेयेला. गाडी हलली की आवाज गेला. म्हणजे गाडीत लावायचा खरा, पण गाडी थांबलेली असताना. मी म्हटलं, चालेल. आपली गाडी दवाखान्यात चार तास थांबतेच.

आणि आग्नेय! जन्मभर मी वास्तुशास्त्रवाल्यांना नावं ठेवली. आमच्या वस्तीत कुणी घराचं दार इकडून तिकडे फिरवलं की मी त्याच्या तोंडावर हसायचो, 'अरे बाबासाहेबांनी तुला कुठून काढलं आणि तू कुठं चाललास' म्हणून सुनवायचो. आता म्हातारपणी मीच खिशात होकायंत्र घेऊन अंगणात गाडीचं तोंड फिरवत होतो. शेजारची म्हातारी पडद्याआडून बघत होती.

बुधवारी दुपारी रेडिओ लागला. फ्रेंच लागलं. अरबी लागलं. इंग्रजी बातम्या, ढोलाचं नाचगाणं, कुणाची तरी प्रार्थना. सगळी स्टेशनं मी दोनदा फिरवली आणि मग सम्यकला ऑफिसात फोन केला.

तो बराच वेळ टाइप करत होता. मग म्हणाला, "सॉरी बाबा. माय मिस्टेक. त्यांचे सॅटेलाइट दोन आहेत. मराठी एशियावाल्यावर आहे. इथून लागतो तो आफ्रिकावाला."

"मग आपल्याकडचा लावायला काय करू? पाटी कुठं फिरवू?"

"नाही होणार, बाबा. मध्ये पृथ्वी येते."

मी फोन ठेवला. साहेबांच्या वाटेत नदी यायची, दरड यायची. पृथ्वी कधी आली नव्हती.

गुरुवार उजाडला. मराठी लागत नाही हे मी रंभाला सांगितलंच नव्हतं. ती लुगडं नेसली, वरून कोट चढवला, गाडीत बसली. वाटेत एकदाच म्हणाली, "लावता ना आज?" मी हूं केलं.

दवाखान्याच्या पार्किंगच्या अगदी वरच्या गच्चीवर मी गाडी नेली. तिथं आभाळ मोकळं. खाली गोदीतल्या क्रेना दिसतात आणि एक भलं मोठं पांढरं जहाज उभं होतं. मी गाडीचं तोंड आग्नेयेला केलं, पाटी बॉनेटवर टेकवली, सेट तिच्या मांडीवर दिला आणि सरळ सांगून टाकलं.

"रंभा, यात मराठी येत नाही. पोरानं चुकीचा आणला. त्याचा दोष नाही, त्याला ठाऊक नव्हतं. मराठी इथं येऊच शकत नाही."

सेटकडे बघत राहिली. मी मनात म्हटलं, संपलं. आता ही म्हणेल घरी चला. आणि मी काय करणार आहे? उचलून नेऊ?

मग तिनं स्वतःच बटण दाबलं.

एक बाई बोलत होती. कुठली भाषा, देव जाणे, आणि देवही आम्ही मानत नाही. आवाज जाडसर, खालच्या पट्टीतला, घरच्या बाईसारखा. मध्येच फोनवर दुसरी बाई आली. ती भराभर बोलायला लागली आणि बोलता बोलता तिचा आवाज फाटला.

"बदलू का?" मी म्हटलं. "पुढं गाणी आहेत."

"चूप राहा जरा. ते रडून राहिली."

खरंच रडत होती. पहिली बाई तिला थांबवत नव्हती. मध्येमध्ये नुसतं "एह... एह..." करत होती. आपल्याकडे बाया मयताच्या घरी करतात तसं. रंभानं सेट कानाजवळ घेतला.

"पोरगी निघून गेली असंल तिची," ती म्हणाली.

"तुले कसं समजलं?"

"मले कुठं समजलं? असंल म्हणते. नाही तर नवरा असंल. नाही, नवऱ्यासाठी बाई एवढी रडत नाही. पोरगीच."

"हो, नवऱ्यासाठी कशाला रडंल!"

"तुम्ही मधात बोलू नका ना!"

एवढ्यात ती रडणारी बाई एकदम हसली. रडता रडताच हसली. पहिलीही हसली आणि मग दोघी एकमेकींवर बोलायला लागल्या. रंभाच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. कित्येक महिन्यांत मी तिला पुढं वाकून काही ऐकताना पाहिलं नव्हतं.

"आता कायचं हसून राहिल्या?" ती म्हणाली. "बापा बापा! काय सांगितलं असंल तिनं?"

मी घड्याळ बघितलं. बोलायची हिंमत होत नव्हती, पण वेळ झाली होती. मशीनची वेळ चुकली की दुसऱ्याला लावतात. "रंभा," मी हळूच म्हटलं.

"हो, हो. ऐकलं." तिनं सेट माझ्या मांडीवर ठेवला, पट्टा सोडला आणि माझ्याआधी दार उघडलं. "बंद नका करू. मी येईतोवर ऐकून ठेवा. मले सांगा मग."

"अगं, पण मले त्यातलं एक अक्षर..."

"मले तरी कुठं समजते? ऐका निस्तं."

मी तिला आत सोडून आलो आणि गाडीत बसलो. एरवी त्या चार तासांत मी सीट मागं टाकून झोपतो. त्या दिवशी डोळा लागू दिला नाही. परीक्षेला बसल्यासारखा ऐकत होतो. रडणारी बाई गेली, एक बाप्या आला, चिडका. मग एका म्हातारीचा फोन आला, तिला ऐकू कमी येत असावं, कारण सगळं दोनदोनदा चाललं होतं. मग गाणं, मग पुन्हा तीच जाडसर आवाजाची बाई.

थोड्या वेळानं पार्किंगचा गार्ड आला. सहा फुटी काळा माणूस. बॉनेटवर पाटी, पाटीला वायर, आणि आत मी एकटा म्हातारा. त्या काळात लंडनच्या स्फोटांना वर्षच झालं होतं, आमच्या रंगाच्या माणसानं वायरी घेऊन बसू नये असे दिवस. मी दोन्ही हात स्टीअरिंगवर ठेवले.

"रेडिओ," मी म्हटलं. "फॉर वाइफ."

तो वाकला आणि जागच्या जागी थांबला. त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. ही त्याच्या आजीच्या गावाकडची भाषा होती. इथं आल्यापासून गाडीतून ती कधी ऐकली नव्हती, असं तो म्हणाला. खिडकीवर कोपर टेकून तो ऐकत राहिला, मोठ्यानं हसला आणि मला सांगायला लागला, "ही बाई म्हणतेय की..."

"नो, नो!" मी हात वर केला. "प्लीज. डोंट टेल."

त्याला काही कळेना. मी माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, माझी बायको आत मशीनवर आहे. तिला हे समजायला नको. तिला समजलं की ती यायची नाही.

मग त्यानं मान हलवली, कळलं की नाही देव जाणे, आणि आणखी थोडा वेळ माझ्याबरोबर न बोलता ऐकत उभा राहिला. जाताना त्यानं घसरलेली पाटी नीट केली.

चार तासांनी मी रंभाला आणायला गेलो. मशीनवरून उठली की ती पिळून काढलेल्या फडक्यासारखी होते, गाडीत बसते आणि घर येईपर्यंत डोळे उघडत नाही. त्या दिवशीही तशीच बसली. मी पाटी काढली, वायर गुंडाळली, गाडी सुरू केली. गच्चीवरून खाली उतरलो.

"मग?" ती डोळे मिटूनच म्हणाली. "काय झालं त्या बाईचं?"

मी आयुष्यात कुणाला गोष्ट सांगितली नाही. सम्यक लहान असतानाही ते काम तिचंच. घसा खाकरला.

"पोरगीच होती," मी म्हटलं. "निघून गेली होती. आज तिची चिठ्ठी आली."

"म्हणून हसली."

"म्हणून हसली. मग तिचा बाप आला फोनवर. लय तापला होता. म्हणे घरात पाय ठेवू देत नाही."

"बापच तसला असंल, म्हणून तर गेली पोरगी." रंभानं एक डोळा उघडला. "मग?"

"मग आजी आली. बहिरी. ती म्हणे, माझ्या घरी राहू दे पोरीले."

"बहिरी अन् फोनवर?"

"सगळं दोनदोनदा सांगावं लागत होतं."

ती हसली. आवाज न होता, खांदे हलले तेवढंच. डोकं काचेला टेकवून तिनं पुन्हा डोळे मिटले. मी पुढं काय जुळवावं याचा विचार करत होतो. पोरगी आजीकडे गेली म्हणावं की बाप आडवा आला म्हणावं.

"राहू द्या आता," ती म्हणाली. "थकली मी. उरलेलं शनिवारी ऐकू."

समोर राउंडअबाउटचा गोल चौक होता. घरचा रस्ता डावीकडून दुसरा, रोजचा. डोळे भरून आले होते, मला तो दिसलाच नाही. मी एक फेरा घातला. मग दुसरा.

"काहून फिरवून राहिले गोल गोल?" रंभा डोळे मिटूनच म्हणाली.

"गर्दी आहे," मी म्हटलं. रस्त्यावर आमच्याशिवाय एकही गाडी नव्हती.