एक सभासद, एक मत

खटकचिंचोळीत रविवारी आडत दुकानं बंद असतात, पण त्या रविवारी व्यंकट आडत्याच्या दुकानाचं शटर अर्धं वर होतं. आत सोयाबीनच्या पोत्यांना पाठ लावून मैत्रेयी बसली होती आणि समोरच्या टेबलावर तिचा लॅपटॉप उघडा होता. घरी रेंज यायची न् जायची. गावात धड चालणारं इंटरनेट एका व्यंकटच्या दुकानातच होतं. मैत्रेयी भाच्याचं नाव ठेवायला म्हणून सुट्टी काढून जर्मनीहून आली होती, आणि नेमक्या त्याच आठवड्यात तिकडे हाल्डेनबर्गला तिच्या फुटबॉल क्लबाच्या सभासदांची सभा लागली. घरबसल्या हजर राहता येत होतं, बोलता येत होतं, मतही देता येत होतं. तिनं बोलणाऱ्यांत आपलं नाव दिलं होतं.

"तुझा क्लब म्हंजे?" व्यंकटनं विचारलं. "तू फुटबॉल खेळायलीस व्हय तिकडं?"

"खेळत न्हाई अण्णा. सभासद हाव मी. मालक म्हणा."

व्यंकट पोट धरून हसला. "दवाखान्यातली नर्सबाई, आन् फुटबॉल टीमची मालकीण!"

पण ते खरंच होतं. मैत्रेयी नर्स म्हणून हाल्डेनबर्गला गेली तेव्हा पहिला हिवाळा तिनं रडून काढला होता. दुपारीच अंधार पडायचा आणि ड्युटी संपली की चार भिंती. वॉर्डातली थोराड नर्स हेल्गा एका शनिवारी तिला ओढूनच मैदानावर घेऊन गेली. गळ्यात हिरवा-पांढरा मफलर अडकवला आणि उभ्यानं सामना बघणाऱ्यांच्या गर्दीत तिला मधोमध उभं केलं. खेळातलं तिला काही कळलं नाही. पण गोल झाला तेव्हा अनोळखी माणसांनी तिला मिठ्या मारल्या, आणि घरी जाताना आपले पाय गार पडलेत हे तिच्या ध्यानातही आलं नाही. वर्षभरात ती वर्गणी भरून सभासद झाली. खाणकामगारांनी काढलेला तो क्लब अजून सभासदांच्याच मालकीचा होता. तिकडच्या बहुतेक क्लबांना तसा नियमच आहे. पैसेवाला कितीही मोठा असो, जास्तीची मतं सभासदांकडेच राहिली पाहिजेत.

आता क्लब अडचणीत होता. प्रेक्षकांच्या डोक्यावरचं छप्पर गळत होतं आणि चांगले खेळाडू विकावे लागले होते. अशात एक परदेशी गुंतवणूक फंड पुढे आला. त्याच्याकडे आधीच चार देशांतले क्लब होते. त्याचं म्हणणं असं, की क्लबाची कंपनी करा, निम्म्याला थोडे कमी शेअर आम्हाला द्या आणि मैदान त्या कंपनीच्या नावावर करा. मतं सभासदांचीच जास्त राहतील, पण मोठा कुठलाही निर्णय आमच्या होकाराशिवाय होणार नाही. चारांतल्या तिघांनी हात वर केला, तर ठराव मंजूर होणार होता.

"मग घ्या की पैसे!" व्यंकट म्हणाला. "येणाऱ्या लक्ष्मीला कोणी दार लावतंय का? क्लब बुडाला तर त्या मालकीचं काय लोणचं घालतीस?"

मैत्रेयीचे वडील धम्मानंद शेजारच्या खुर्चीत होते. गावच्या दूध संस्थेचे ते सेक्रेटरी राहिले होते. ते हळूच म्हणाले, "व्यंकटा, आपली दूध संस्था आठवती का? खासगी डेअरीवाले आले, पहिल्या वर्षी भाव चांगला दिला. दूध गार करायचं मशीन त्येंच्या नावावर करताना आपण टाळ्या वाजवल्या. पुढं त्येंनी मशीन उचललं, तालुक्याला भालकीला नेलं. दूध आपलं, मशीन त्येंचं. काय करू शकलाव आपण?"

"ते खरं हाय काका," व्यंकट म्हणाला. "पण पैसा कुठून आणायचा, ते सांगा न्हवं?"

मैत्रेयीनं मान डोलावली. तिला अण्णाचा राग आला नाही. सभेत सगळे हेच विचारणार होते.

पडद्यावर हॉल भरला. अध्यक्षांनी आकडे सांगितले, मग क्लबाचा एक जुना नावाजलेला खेळाडू बोलायला उठला. त्याच्या गोलांच्या गोष्टी अजून हाल्डेनबर्गभर सांगितल्या जात. तो म्हणाला, "विरोध करणाऱ्यांना फक्त एक भीती आहे, बाहेरच्यांची. बाहेरून कोणी आलं की यांच्या पोटात गोळा येतो." हॉल टाळ्यांनी दणाणला. मैत्रेयीनं लॅपटॉप जवळ ओढला. पुढचं नाव तिचंच होतं.

आई शोभाबाई नातवाला मांडीवर घेऊन शटरजवळ बसली होती. ती म्हणाली, "बोल बाई. भिऊ नकोस."

मैत्रेयी जर्मनमध्ये बोलू लागली.

"मी आत्ता भारतात आहे. बीदर जिल्ह्यातल्या माझ्या गावी, धान्याच्या दुकानात." हॉलमध्ये थोडं हसू उमटलं. "मला बाहेरच्यांची भीती नाही, कारण मी स्वतः बाहेरचीच आहे. मी आले तेव्हा मला तुमची भाषाही धड येत नव्हती. तरी तुम्ही मला आत घेतलंत. वर्गणी भर म्हणालात, आमच्याबरोबर पावसात उभी राहा म्हणालात, आणि मला एक मत दिलंत. अध्यक्षांना एक, मलाही एक. फंडवाल्यांनीही खुशाल यावं. वर्गणी भरावी, पावसात उभं राहावं, एक मत घ्यावं. दार उघडं आहे. पण त्यांना आत यायचं नाही, त्यांना घराची किल्ली हवी आहे."

ती थांबली आणि तिनं व्यंकटकडे पाहिलं.

"माझ्या शेजारी एक व्यापारी बसलेत. ते विचारतात, पैसाच नसेल तर मालकी काय कामाची? प्रश्न बरोबर आहे. त्याचं उत्तर आम्ही काही सभासदांनी तुमच्यापुढे ठेवलंय. आपण सहकारी संस्था काढू. प्रत्येकानं जमेल तेवढे भाग विकत घ्यावेत. संस्था मैदान विकत घेईल, तो पैसा क्लबाला मिळेल, आणि मैदान आपल्यातच राहील. आमच्या गावानं एकदा आपल्या दूध संस्थेचं मशीन दुसऱ्याच्या नावावर केलं होतं. ते परत आलं नाही. आपलं मैदान अजून गेलेलं नाही."

ती बोलायची थांबली, आणि लॅपटॉपमधून काहीच ऐकू येईना. हॉलचा आवाज बंद पडला होता. फक्त चित्र दिसत होतं. मागच्या रांगा उभ्या राहिल्या, मग मधल्या.

"आता गं!" व्यंकट ओरडला. "लोकं उठायलेत की! निघून जायलेत का काय?"

तेवढ्यात आवाज आला, आणि तो एवढा मोठा होता की शोभाबाईच्या मांडीवरचं बाळ दचकून रडायला लागलं. लोक उठून टाळ्या वाजवत होते. मागच्या रांगांनी तर गाणं सुरू केलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात हेल्गा मफलर डोक्यावर गरागरा फिरवत होती.

मतदान झालं. मैत्रेयीनं बटण दाबलं आणि हात मांडीखाली दाबून बसली. धम्मानंदांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. अध्यक्ष माइकपाशी आले आणि त्यांनी निकाल वाचला. मैत्रेयी ताडकन जागेवरून उठली.

"अगं, काय झालं? सांग की!" व्यंकट म्हणाला.

"पडला!" ती म्हणाली. "ठराव पडला अप्पा! चारातली तीन सोडा, निम्मी मतंबी न्हाई पडली त्येंना! आन् सहकारी संस्थेचा आपला ठराव पास झाला!"

व्यंकटनं शटर खाडकन पूर्ण वर केलं आणि पेठेत आरोळी ठोकली. रस्त्यावरच्या माणसांना काही कळलं नाही, पण जर्मनीत आपल्या पोरीनं कुठली तरी निवडणूक मारली एवढं कळलं, आणि तेवढं पुरलं. कोणीतरी हलगी आणली. व्यंकटनं कोपऱ्यावरच्या हॉटेलातून परातभर फोडणीच्या चुरमुऱ्यांचा सुशीला आणि मिरचीभजी मागवली. जर्मनमध्ये काय बोलली ते मैत्रेयीनं सांगितल्यावर तर येईल त्याला तो सांगत सुटला, "माझा प्रश्न इचारला तिनं सभेत. माझा!"

धम्मानंद लेकीजवळ आले. ते कधी फार बोलत नसत. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच राहू दिला. मैत्रेयीला हसूही येत होतं आणि रडूही.

ती हाल्डेनबर्गला परतली आणि पुढचे महिने कामात बुडून गेली. ड्युटी संपली की हेल्गाबरोबर संस्थेच्या मांडवात भाग विकायला बसायची. बेकरीवाले आले, ट्रामचे ड्रायव्हर आले, शाळेच्या पोरांनी मिळून एक भाग घेतला. तो जुना खेळाडूही आला, मैत्रेयीशी हात मिळवून म्हणाला, "मी चुकलो," आणि रांगेत उभा राहिला. धम्मानंदांनी तर गावाहून पहिल्याच आठवड्यात एक भाग विकत घेतला होता.

मग व्यंकटचा फोन आला.

"मैत्रेयी, मलाबी पायजे. दहा घेतले तर दहा मतं पडतात का?"

"न्हाई अण्णा. दहा घ्या का शंभर घ्या, मत एकच."

"कामून?"

"सहकारी संस्था हाय न्हवं!"

व्यंकट खो खो हसला. "बरं मग. एक मला दे, एक तुझ्या रेणुकावहिनीला दे. घरात दोन मतं तर होतील!"

मुदत संपायच्या आधीच सगळे भाग संपले. उन्हाळ्यात मैदान संस्थेच्या नावावर झालं आणि नवं छप्पर चढलं. नव्या मोसमाच्या पहिल्या सामन्याला स्टेडियम गच्च भरलं होतं. क्लबानं शेवटच्या मिनिटात गोल मारला, आणि मैत्रेयी घसा बसेपर्यंत ओरडली.

बाहेर पडते न पडते तोच फोन वाजला. धम्मानंद होते.

"काय झालं गं? जिंकलाव का आपण?"

"जिंकलाव अप्पा," ती बसल्या आवाजात म्हणाली. "आपण जिंकलाव."