सुई कुणी ओवायची

तानूबाईंच्या तोंडून दिवसाला जेवढे शब्द खर्च होत, तेवढ्यात कसबा बावड्यातल्या चार घरांचं भागलं असतं. शेजारच्या लालबीची सहा वर्षांची शमशाद मात्र चिकट. घरात आईशी दखनीत चुरूचुरू बोलायची. शाळेत दिवाळीपासून एक शब्द जमा नाही. गुरुजींनी निरोप धाडला : शनिवारपर्यंत पोरगी बोलली नाही, तर पहिलीतून पुन्हा बिगरीत.

लालबी लोकांच्या जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून वाकळा शिवायची. चौऱ्याहत्तरच्या त्या थंडीत तिच्या अंगणात तानूबाईंचीच वाकळ पसरलेली होती, आणि ही बया टाके लांब घालत नाही ना, हे बघायला तानूबाई रोज दुपारी हजर. निरोप ऐकून म्हणाल्या, "खेळूया की! बोट ठेवीन तो तुकडा बघून काय आठवतंय, ते एका शब्दात सांगायचं. झालेला शब्द पुन्हा आला, न्हाईतर कुणी गप बसलं, की त्यानं सुई ओवायची."

बोट निळ्या लुगड्यावर पडलं.

"तळं," तानूबाई म्हणाल्या.

"आभाळ," लालबी म्हणाली.

शमशादनं सुई ओवली. पिवळ्या खणावर हळद झाली, शेवंती झाली. सुई शमशादनंच ओवली.

"मावशी, हिला हरायचंच हाय."

"तुझं काय जातंय? सुया आयत्या मिळत्यात की!"

ओवताना पोरीचे ओठ मात्र हलायचे. उन्हं कलली की ती वाकळीवरच आडवी व्हायची. कानाखाली तळं, पायाशी शेवंती. डोळे मिटले की वाकळ अलगद वर उठायची आणि उसाच्या तुऱ्यांवरून, पंचगंगेवरून जायची. शमशाद तिच्यावर एका शब्दावरून दुसऱ्या शब्दावर अनवाणी चालायची.

शनिवारी गुरुजींनी चित्रांचा तक्ता धरला. "हे काय?" शमशाद गप्प. गुरुजींनी हजेरी उघडली, तोच दारात तानूबाई, डोक्यावर अर्धी शिवलेली वाकळ. मागं सुईदोरा घेऊन लालबी.

"अहो बाई, ही शाळा आहे!"

"व्हय की. म्हणून तर पोरांस्नी बसायला आणलंय."

परवानगी यायच्या आत पोरं वाकळीवर. तानूबाईंनी एका दमात खेळ सांगितला आणि निळ्यावर बोट ठेवलं. तळं, मोर, आभाळ, जांभूळ... पोरांचा गलका उठला. गुरुजींनाही राहवेना.

"आभाळ!" ते म्हणाले.

गुरुजींची चूक काढायची कुणी?

शमशाद उठली. आईच्या हातातली सुई तिनं गुरुजींपुढं धरली.

"आभाळ झालंय, गुरुजी. सुई ओवा."

गुरुजींनी दोरा ओठांत धरला. एकदा चुकले, दोनदा चुकले.

"अजून ओला करा," शमशाद हळूच म्हणाली. "डावा डोळा मिटा."

तानूबाई बोटांवर पोरीचे शब्द मोजत होत्या. "अकरा झाले, गुरुजी. आता बिगरीत कोण जायचं, ते सांगा."

"राहील ती पहिलीतच. तुम्ही जरा गप बसा," गुरुजी पुटपुटले आणि त्यांनी डावा डोळा मिटला. सुईच्या भोकापलीकडं सगळं निळंच निळं होतं, आणि दोऱ्याचं टोक त्यात कुठंतरी तरंगत होतं.