मॅरिट ओस्ट्रँडरचा सीनियर डे

वेदरबी कॉलेजच्या मुलींचा लॅक्रॉसचा संघ जिंकायला लागला, तेव्हा कॉलेजातच कुणाला ते खरं वाटेना. पहिल्या विजयाची बातमी कॉलेजच्या बातमीपत्रात सवयीने 'झुंजार पराभव' या मथळ्याखाली छापून आली. पुढच्या अंकात दुरुस्ती आली, तीही बारीक अक्षरात.

मॅरिटने कॉलेजात आल्यापासून पराभवाशिवाय फारसं काही पाहिलं नव्हतं. तीन वर्षं ती या संघाची गोलकीपर होती. समोरच्या मुली यायच्या, टोकाला जाळी असलेल्या काठीतून तिच्यावर चेंडू मारायच्या आणि कंटाळल्या की थांबायच्या. चेंडू कडक रबराचा. लागला की आठवडाभर तिथे जांभळा डाग राही. मॅरिटने इतके चेंडू अडवले की गटातल्या सगळ्या कॉलेजांच्या गोलकीपरांत तिचा पहिला नंबर लागला. हा मान मिळवायला गोलकीपर चांगली असावी लागते हे खरं, पण त्याहून जास्त संघ वाईट असावा लागतो. तिच्याबरोबर आलेल्या मुलींपैकी एकीने पोहणं धरलं, दोघींनी अभ्यास धरला, उरलेल्यांनी काही न धरताच काठी सोडली. राहिल्या दोघी: मॅरिट आणि बचावात खेळणारी टेस कोवाल्चिक. आपण का राहिलो हे टेसला सांगता येत नसे. मॅरिटला येत असे. एकदा तरी चांगल्या संघाच्या गोलमध्ये उभं राहायचं, एवढंच तिला हवं होतं.

शेवटच्या वर्षी संघ चांगला झाला, आणि गोलमध्ये ब्रिन आली.

ब्रिन पहिल्या वर्षाची, लाँग आयलंडहून आलेली. तिकडे पोरं दात यायच्या आधी काठी धरतात असं म्हणतात, आणि ब्रिनकडे पाहून ते खोटं वाटत नसे. भाजी निवडावी इतक्या शांतपणे ती चेंडू अडवायची. वर स्वभावाने गोड. मॅरिटला तिचा मनापासून राग करायचा होता, पण पोरगी सरावानंतर आपणहून चेंडू गोळा करायची, सगळ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायची. अशा माणसाचा राग करायचा म्हणजे किती कष्ट! ईस्टरला मॅरिट घरी गेली तेव्हा आई तिच्या दंडांकडे बघून म्हणाली, "यंदा कशी छान गोरी-गोमटी दिसतेस गं! एकही डाग नाही." मॅरिट न्हाणीघरात गेली आणि नळ सोडून रडली.

आता घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आला, म्हणजे सीनियर डे. त्या दिवशी शेवटच्या वर्षाच्या मुलींना फुलं द्यायची, आईवडिलांबरोबर मैदानात चालवायचं आणि सामन्याची सुरुवात त्यांच्याकडून करून घ्यायची, हा रिवाज. एरवी या रिवाजाने कुणाचं काही बिघडत नसे, कारण बिघडायला काही शिल्लकच नसे. यंदा मात्र सेंट ऑड्रीला हरवलं तर वेदरबी पहिल्यांदाच गटाच्या बाद फेरीत जाणार होतं. हरलो तर काठ्या कपाटात.

आदल्या दिवशी कोच पेल्टनबाईंनी मॅरिटला आपल्या खोलीत बोलावलं.

"उद्या गोलमध्ये तू उभी राहणार. रिवाज आहे."

"हो, कोच."

"शिट्टी वाजेल. चेंडू आपल्याकडे येईल. तो त्यांच्या गोलकडे गेला की मी हात करीन. तू पळत बाहेर यायचं, ब्रिन आत जाईल. लोक टाळ्या वाजवतील."

"म्हणजे मी एकही चेंडू अडवायचा नाही?"

"अगं, तशी वेळच येऊ नये, हेच तर बघायचंय!" पेल्टनबाई पुढे झुकल्या. "हे बघ पोरी, उद्या एका गोलाने हरलो आणि तो तुझ्यावर झालेला असला, तर तू जन्मभर तो विसरणार नाहीस. मला तुझ्या डोक्यावर ते ओझं नकोय."

बाई प्रेमाने बोलल्या होत्या. मॅरिटला ते जास्तच लागलं.

एप्रिल अर्धा सरला होता, तरी मैदानाच्या कडेला फावड्याने लोटलेल्या बर्फाचे काळपट ढीग होते. मॅरिटचे आईवडील, लॉर्ना आणि डेल, मिठाच्या पाण्यात उकडलेल्या बटाट्यांचे दोन मोठे ट्रे घेऊन पहाटेच निघाले होते. डेल दुधाचा टँकर चालवायचा. त्या दिवशी त्याने टाय लावला होता आणि तो त्याला आवळत होता. मुलींनी काठ्या उंच धरून कमान केली, तिच्याखालून तिघं चालत गेले. माइकवाल्याने मॅरिटची माहिती वाचली. छंद: बेकिंग. पुढचे बेत: अजून ठरलेले नाहीत. लोकांनी त्यालाही टाळ्या वाजवल्या.

"कितीदा अडवायचंय आज?" डेलने विचारलं.

"एकदाही नाही, डॅड."

"मग एवढं चिलखत कशाला घातलंय?"

शिट्टी वाजली. मधल्या वर्तुळात चेंडू उडाला, वेदरबीच्या मुलीने तो झेलला आणि सगळा लोंढा सेंट ऑड्रीच्या गोलकडे गेला. अगदी ठरल्याप्रमाणे. पेल्टनबाईंनी हात केला.

मॅरिटला तो दिसला. पण गोलकीपरच्या हेल्मेटमधून बाजूचं नीट दिसत नाही ही सर्वमान्य गोष्ट आहे, आणि मॅरिटने तिचा आधार घेतला. तिने पाठ फिरवली आणि गोलचा खांब काठीने ठोकून पाहिला. खांब पक्का होता. मग तिने जाळी तपासली.

"मॅरिट," समोरून टेस म्हणाली, "कोच बोलावताहेत."

"कुठे?"

"त्या काय. दोन्ही हात हलवताहेत."

"थंडी वाजत असेल."

टेसने बाईंकडे पाहिलं, मग मॅरिटकडे पाहिलं. तीन वर्षं दोघींनी एकत्र मार खाल्ला होता.

"हो," टेस म्हणाली. "वारा आहे खरा आज."

एवढ्यात सेंट ऑड्रीने चेंडू हिसकावला आणि सगळ्या इकडे पळत आल्या. आता गोल रिकामा टाकून येता येत नव्हतं, त्यामुळे बाईंचे हात खाली आले. चेंडू परत तिकडे गेला की हात वर, इकडे आला की खाली. ब्रिन कडेला हेल्मेट घालत होती, काढत होती. टाइमआउट घ्या, असं मदतनीस कोच म्हणाली तेव्हा बाई तिच्यावर खेकसल्या, "गोलकीपर ऐकत नाही म्हणून टाइमआउट? लोकांना हसायला आणखी काय देऊ?"

मॅरिटचा हिशेब सरळ होता. गोल झाला की खेळ थांबेल, आणि मग बाई स्वतः येऊन कानाला धरून नेतील. होत नाही तोवर गोल तिचा. म्हणून ती गुडघे वाकवून तयार उभी राहिली.

आणि काहीच झालं नाही.

समोरची मुलगी डावीकडून घुसली, तिथे टेस उभी होती. उजवीकडून घुसली, तिथे आणखी एक उभी होती. तिने चेंडू मागे दिला, तो मधेच पळवला गेला. मॅरिट "डावीकडे! मागे बघ!" असं ओरडायची, तर मुली आधीच तिथे पोचलेल्या असायच्या. तीन वर्षं तिने हेच ओरडून घसा बसवला होता आणि कुणी कधी वेळेवर पोचलं नव्हतं. चांगल्या संघाच्या गोलमध्ये करायला काही नसतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. ती चक्क कंटाळली. हेल्मेटच्या आत ती हसत होती, आणि तिला फार, फार बरं वाटत होतं.

मग एकदा टेसचा पाय घसरला. सेंट ऑड्रीची उंच मुलगी एकटी समोर आली आणि तिने खाली, डाव्या बाजूला चेंडू हाणला. काठी पोचणार नाही हे मॅरिटला कळलं, तेव्हा तिने पाय घातला. चेंडू मांडीवर बसला, नेमका जिथे काही बांधलेलं नसतं तिथे. डोळ्यांपुढे अंधारी आली. तशीच तिने तो उचलला आणि टेसकडे फेकला, टेस उठून सुसाट सुटली, आणि सगळ्या तिच्यामागे लांब तिकडे गेल्या.

मॅरिटने पहिल्यांदाच कडेला सरळ पाहिलं. तिथे कुणी हात हलवत नव्हतं. पेल्टनबाई बाकावर बसल्या होत्या, हाताची घडी घालून. शेजारी ब्रिनही बसली होती, हेल्मेट मांडीवर ठेवून. म्हणजे आता गोल खरंच तिचा होता. कदाचित शेवटच्या शिट्टीपर्यंत.

तिने डाव्या पायावर भार देऊन पाहिला. पाय उभं राहू देत होता, उडी मारू देत नव्हता. पुढचा चेंडू डावीकडे आला तर तो आत जाणार होता. ब्रिनने तो अडवला असता. आपले दोन्ही पाय धड असते तरी ब्रिनने जास्तच अडवले असते, हेही मॅरिटला सरावाच्या पहिल्या दिवसापासून माहीत होतं. आजवर ते कुणापाशी कबूल करावं लागलं नव्हतं, इतकंच.

चेंडू अजून तिकडेच होता. मॅरिट गोलमधून निघाली आणि लंगडत, जमेल तेवढं पळत, कडेला यायला लागली. प्रेक्षकांत डेल उठून उभा राहिला. वेदरबी हा सामना एकाच गोलाने जिंकणार आहे, हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. ती येताना पाहून काही लोक तर कळवळून "अगं, थांब की!" असं ओरडले.

ब्रिन जागची हलेना. ती मॅरिटकडे बघतच राहिली.

"बघतेस काय? गोल रिकामा आहे!" मॅरिट तिच्यावर ओरडली, आणि पोरगी हेल्मेट डोक्यात कोंबत धावली.

पेल्टनबाई उठल्या नाहीत.

"तुला कुणी बोलावलं होतं?"

"कुणीच नाही, कोच. म्हणून तर आले."

बाईंनी जरा सरकून बाकावर जागा केली.