वादळाची बातमी आणि बायजीचे बोंबील

मी हेमांगीचा ब्लॉग बोलतोय. आज सकाळपासून माझ्याकडे अकरा जण येऊन गेले, तुम्ही बारावे. रागावू नका, डोकी मोजायची ही खोड मला जन्मापासून आहे.

माझा जन्म डहाणूजवळच्या वरोरचा. हेमांगीच्या घरी मासेमारीची बोट. कॉलेज संपल्यावर तिने एका दुपारी ओट्यावर बसून मोबाइलवरच मला तयार केलं. रोजची भरती-ओहोटीची वेळ, बोंबील कसे सुकवायचे, जवळ्याची चटणी, असलं साधं लिहायची. मधेमधे जाहिरातींसाठी जागा सोडायची. लोक वाढले की त्यातून कमाई होईल, हा बेत.

बाबांनी मात्र मुदत घातली होती. "दिवाळीपर्यंत कर काय ते. नाय जमलं तर तलासरीला कंपनीत पॅकिंगला जायचं."

तिला ते अजिबात नको होतं. दर पाच मिनिटांनी ती माझा आकडा बघायची. तिच्याबरोबर माझाही जीव टांगणीला लागायचा. आकडा तीस-पस्तीसच्या पुढे सरकत नव्हता.

त्या तिसात तिची काकी होती, बायजी. नात रूपी मला उघडून वाचून दाखवायची. खरं तर बायजीला तिथीवरून भरती तोंडपाठ. तिला माझी काय गरज? पुतणीने लिहिलंय, म्हणून ऐकायची.

"बोंबील कोण बघतंय गो?" हेमांगीचा भाऊ मितेश म्हणाला. "हेडिंग असं टाक, का माणूस थांबलाच पाहिजे."

दसऱ्यानंतर दूर समुद्रात वादळ उठल्याची बातमी आली. हेमांगीने माझ्या कपाळावर लिहिलं, 'डहाणूच्या किनाऱ्यावर महावादळ धडकणार?' खरी गोष्ट तिने पार तळाशी टाकली: वादळ दुसरीकडे वळतंय, इथे धोका नाही. तळापर्यंत येताना लोक सगळ्या जाहिराती बघतील ना!

संध्याकाळपर्यंत चाळीस हजार माणसं आली. खोटं कशाला बोलू, मी हुरळून गेलो होतो. हेमांगी तर घरभर नाचली.

मच्छीमार सोसायटीने धोका नसल्याचं सांगितलं होतं, त्यामुळे किनाऱ्यावरच्या बाकी बायका जागच्या हलल्या नाहीत. पण रूपीने बायजीला माझं नुसतं हेडिंग वाचून दाखवलं होतं.

"आमची हेमांगी लिवते ते खोटं नसते," म्हणत बायजीने मासे सुकवायच्या वलांडीच्या बांबूंवर टांगलेले अर्धेओले बोंबील भराभरा उतरवले, झोपडीत ढीग घातला आणि वर ताडपत्री टाकली.

पाऊस आलाच नाही. बाहेर दोन दिवस कडक ऊन होतं आणि आत बोंबील कुजत होते. तिसऱ्या दिवशी ताडपत्री काढली तेव्हा किडे वळवळत होते.

बायजी भांडली नाही. दारात येऊन एवढंच म्हणाली, "पोरी, तू लिवलंस म्हणून उतरवले गो."

हेमांगीने तिच्यासमोरच ते पान काढून टाकलं.

"वेडी झालीस काय? आताच तर कमाई चालू झाली!" मितेश ओरडला.

चाळीस हजार आले तसे गेले. रूपीचा फोनही माझ्याकडे फिरकेना. मी रोज वाट बघायचो. दिवाळी झाली आणि हेमांगी तलासरीला जाऊ लागली. आता ती मला बसमध्ये लिहिते, धक्के खात. जाहिरातींची जागा तशीच आहे. तिने आशा सोडलेली नाही, आणि माझी चुळबुळही गेलेली नाही.

आज सकाळी ती मला लिहून पुन्हा वाचत होती, तेवढ्यात फोन वाजला. रूपीचा नंबर, आवाज बायजीचा.

"आज अष्टमी ना गो? बाराला ओहोटी असते. तू भरती लिवलंस."

हेमांगीला भर बसमध्ये रडू फुटलं. डोळे पुसत तिने माझी वेळ दुरुस्त केली.

आता तुम्ही निघा, तुम्हाला कामं असतील. पुन्हा कधी आलात तर मला तळापर्यंत वाचा, एवढंच मागणं. त्या चाळीस हजारांतल्या कुणाचं नावही मला ठाऊक नाही. आजच्या अकरांत मात्र बायजी होती.